‘शेकायचं ना? वर जा’: नव्या फिजिओथेरपिस्टने आपल्या पेशासाठी काय करावं

माझ्या क्लिनिकच्या खाली किराणा दुकान आहे. जिना सापडला नाही की पेशंट तिथे विचारतात आणि दुकानदारकाका कित्येक वर्षं एकच उत्तर देतात, “शेकायचं ना? वर जा, डाव्या हाताला.” वर पाटीवर हातभर अक्षरांत ‘फिजिओथेरपी’ लिहिलंय. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर कबूल करावं लागलं की काकांचं काही चुकत नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं मी शेकच देत होतो. पेशंटला पालथं झोपवायचं, मशीन लावायचं, पंधरा मिनिटांनी बझर वाजला की पुढचा.

दरवर्षी इंटर्नशिप संपत आलेली मुलंमुली विचारतात, “सर, प्रोफेशनसाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?” त्यांच्या डोळ्यांसमोर निवेदनं, मोर्चे, हॅशटॅग असतात. तेही कधीतरी लागतं. पण काकांच्या तोंडचं ते वाक्य बदलायचं असेल तर काम उपचाराच्या टेबलापाशी सुरू होतं. मला ज्या क्रमाने उमगलं, त्याच क्रमाने लिहितोय. तुम्ही थोडं लवकर शिका.

आधी घराणं माहीत करून घ्या

आपला पेशा महाराष्ट्रात पोलिओच्या पाठीवर बसून आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ होती आणि त्या गरजेतून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. त्याच आवारात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचाराची, शाळा काढली होती. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई लग्नाने निंबकर झाल्या होत्या. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स १९५५ सालची. त्याच वर्षी हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी आपल्याला बोलावलं तो गेला आणि आपण मात्र अतिदक्षता विभागातल्या छातीपासून लकव्याच्या हातापर्यंत पोचलो. पायाला कॅलिपरचा आधार लावून शाळेत गेलेली ती पोलिओची मुलं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यातलं कुणी तुमच्याकडे आलं तर घाई करू नका, त्यांच्याकडून ऐका.

पहिली पायरी: पेशंटची भाषा शिका

कॉलेजात वेदनेचं वर्गीकरण इंग्रजीत शिकवतात. ओपीडीत कुणी तसं बोलत नाही. ‘उसण भरली’ म्हणजे अचानक धरलेली कंबर. ‘रग लागते’ वेगळं, ‘कळ जाते’ वेगळं. ‘मुंग्या येतात’ आणि ‘बधिर होतं’ यांतला फरक विचारून घ्यावाच लागतो, कारण एकात शीर चिडलेली असते आणि दुसऱ्यात ती काम सोडत असू शकते. ‘पोटरीत गोळा येतो’, ‘मान आखडली’, ‘शिरेवर शीर चढली’, ‘पाय ओढतो’. इंटर्नशिपमध्ये एक छोटी वही करा आणि रोज असे दोन शब्द, तो पेशंट आणि शेवटी निघालेलं निदान लिहा. सहा महिन्यांत जे जमेल ते कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

आता याच्या उलट बाजूकडे या. आपण पेशंटला जे शब्द देतो ते घरी जातात, नातेवाइकांत फिरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’, ‘वाटी झिजली’. ही वाक्यं सगळीकडून येतात, शेजाऱ्यांकडून, डॉक्टरांकडून आणि आपल्याकडूनही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण म्हणजे जुनं यंत्र, जितकं वापरू तितकं झिजणार. मग तो वाकणं सोडतो, चालणं सोडतो आणि खरोखर कमजोर होतो.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत. सगळे ठणठणीत. हा आकडा मी पेशंटला असा सांगतो, “ताई, केस पांढरे होतात तसंच हे. पांढऱ्या केसांनी डोकं दुखतं का?” हसतात, आणि खाली पडलेला रुमाल उचलून दाखवतात. एमआरआयचा कागद खोटा ठरवायचा नाही. त्या कागदावर पाठवणाऱ्या डॉक्टरांशी पेशंटचं आधीच बोलणं झालेलं असतं. फक्त त्यातली भीती काढायची.

दुसरी पायरी: कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रात आपल्यासाठी २००२ च्या कायद्याने झालेली राज्य परिषद आहे, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) दोघांची मिळून. नोंदणी झाल्याशिवाय एकही पेशंट घेऊ नका, ‘मित्राच्या क्लिनिकमध्ये नुसतं बसतोय’ असंही नको. केंद्रात २०२१ चा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा आला. अभ्यासक्रम, प्रवेश, नोंदणी सगळं हळूहळू त्या चौकटीत जातंय, तेव्हा परिषदेची आणि आयोगाची परिपत्रकं स्वतः वाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा सारांश वाचून घाबरू किंवा नाचू नका.

नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून पेशंटला दिसेल तिथे लावा. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाका. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या महिन्यातच काढा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते आणि शेकाच्या पॅडने भाजलेली मधुमेही पोटरी हे आपल्या धंद्यातलं नेहमीचं भांडण आहे. संवेदना तपासल्याशिवाय उष्णता द्यायची नाही. परीक्षानळीत गरम आणि गार पाणी घेऊन दोन मिनिटांत होणारी तपासणी आहे ती.

तिसरी पायरी: मोजा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. आपण काय करतो ते पेशंटला, डॉक्टरला, विमा कंपनीला आणि स्वतःलाही दाखवायचं असेल तर आकडा लागतो. ‘बरं वाटतंय’ हा आकडा नाही. बरं तर गुळाच्या चहानेही वाटतं.

एक केस जवळून बघू. पन्नाशीतल्या काकू, मधुमेह, उजवा खांदा चार महिने धरलेला. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला. हात बाजूने वर जातो ७० अंश. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळतो जेमतेम १०. या दुखण्यात बाहेर वळणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, म्हणून तो आकडा ठळक लिहायचा. वेदना दहापैकी आठ, रात्री त्या कुशीवर झोप नाही. इथपर्यंत सगळेच लिहितात. मी पुढे विचारतो, “काकू, घरात काय अडलंय?” त्या म्हणाल्या, वेणी घालता येत नाही, फडताळातला वरचा डबा सून काढून देते आणि ब्लाउजची हुकं (हे हळू आवाजात) लावता येत नाहीत. ही तीन कामं केसपेपरवर, अंशांच्या खाली, त्यांच्याच शब्दांत.

दर दोन आठवड्यांनी तेच आकडे, तीच तीन कामं. सहाव्या आठवड्याला वर उचलणं ११५ वर गेलं, बाहेर वळणं ३५. वेणी जमली, डबा निघाला, हुकं अजून नाहीत. काकूंना अंश कळत नाहीत, पण कागदावर ‘वेणी’पुढे बरोबरची खूण पाहून त्यांनी स्वतःच घरचा व्यायाम दिवसातून तीनदा केला. मधुमेहात हा खांदा महिनोन्‌महिने घेतो हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा दिवसांत मोकळा करतो म्हणणाऱ्या माणसाने त्यांचे आधीचे दोन महिने खाल्ले होते.

वयस्कर पेशंटसाठी घड्याळ आणि खुर्ची पुरते. हात छातीवर घडी, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकषात ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका धरतात. आपल्याकडे जोडून आणखी एक विचारा: जमिनीवरून उठता येतं का? मांडी घालून जेवायची, देवापुढे बसायची आणि अनेक घरांत अजून भारतीय संडास वापरायची पद्धत आहे. पेशंटला तेच हवं असतं आणि आपण मात्र १२० अंश गुडघा वाकला म्हणून खूश.

चौथी पायरी: कुठे थांबायचं ते ओळखा आणि चिठ्ठी लिहा

माझीच चूक सांगतो. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष. पंचविशीतला एक मुलगा, कंबर दुखते, सोबत चिठ्ठी: ट्रॅक्शन, दहा दिवस. मी पाच दिवस इमानेइतबारे ट्रॅक्शन दिलं, म्हणजे कंबर ओढून ताण दिला. सहाव्या दिवशी त्याची आई सोबत आली आणि सहज बोलून गेली, “संध्याकाळी अंग तापतं याचं, पँटी पण सैल झाल्यात.” माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला ताप, वजन, रात्रीचं दुखणं यातलं एकही विचारलं नव्हतं. मणक्याचा क्षयरोग निघाला. औषधांनी तो बरा झाला, पण टीबीने पोखरलेला मणका मी पाच दिवस ओढत होतो, हे विसरता येत नाही.

तेव्हापासून कंबरेच्या प्रत्येक नव्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात हे प्रश्न छापलेले आहेत: ताप, वजन घटणं, आधी कधी कर्करोग, विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं, पडणं किंवा मार, लघवी अडणं किंवा न कळता होणं, बसायच्या जागी बधिरपणा. शेवटच्या दोनपैकी एकालाही ‘हो’ आलं तर फोन लावून त्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात पाठवायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, तरी मालीश नाही, तिथेही फोन.

आणि चिठ्ठी. नवे लोक ती लिहायला संकोचतात, ‘मोठ्या डॉक्टरांना मी काय लिहिणार’. चार ओळी पुरतात. पेशंट कोण, कशासाठी आला. मला तपासणीत काय सापडलं, आकड्यांसह. मी काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही. तुमच्याकडून मला काय हवंय. “ट्रॅक्शन थांबवलं आहे, कारण सायंकाळचा ताप आणि वजनातली घट. कृपया तपासून पुढील मार्गदर्शन करावे.” खाली नाव, नोंदणी क्रमांक, फोन. निदान ठासून लिहू नका, शंका लिहा. सुरुवातीला माझ्या दहा चिठ्ठ्यांपैकी नऊंना उत्तर यायचं नाही. तरी लिहीत राहिलो. आज त्यातलेच काही डॉक्टर ‘ट्रॅक्शन दहा दिवस’ लिहिण्याऐवजी ‘तपासून उपचार ठरवावेत’ असं लिहितात. ही एवढीशी ओळ मिळायला सहा-सात वर्षं लागली.

पाचवी पायरी: कट

याबद्दल कॉलेजात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. क्लिनिक उघडल्यावर महिन्याभरात कुणीतरी डॉक्टर चहाला बोलावेल आणि पेशंट पाठवण्याबद्दल टक्केवारी, म्हणजे कट, विचारेल. देऊ नका. नीतीचा प्रश्न आहेच, पण हिशेबही बघा. कट द्यायचा तर तो पेशंटच्या बिलातून निघतो. बिल वाढवायला सिटिंग वाढतात, सिटिंग वाढवायला पेशंट लवकर बरा व्हायला नको. म्हणजे पुन्हा बझर आणि शेक. राज्यात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता, त्यावरून रोग किती खोल आहे ते कळतं.

नाही म्हणायची माझी पद्धत: “सर, पैसे नाही जमणार, पण तुमच्या प्रत्येक पेशंटचा लेखी अहवाल दोन आठवड्यांनी तुमच्या टेबलावर असेल.” काही जण पेशंट पाठवणं बंद करतात. पहिलं वर्ष कठीण जातं, भाडं भरताना घाम फुटतो. हे लपवत नाही.

दुसरं टोक म्हणजे आपणच एकमेकांचे दर पाडतो. समोरचा दोनशे घेतो म्हणून मी शंभर, मग तिसरा पन्नास रुपयांत शेक. दरपत्रक लावा, तपासणीची फी वेगळी दाखवा आणि ज्याला परवडत नाही त्याला सवलत द्या, पण वेळ कमी करू नका. फुकट ‘अनुभवासाठी’ राबवून घेणाऱ्या नोकऱ्याही नाकारा. तुम्ही फुकट काम केलंत की पुढच्या बॅचचा पगार तुम्हीच ठरवता.

सहावी पायरी: रीलवाले आणि ‘कडकड’

मान पकडली, झटका दिला, आवाज आला, पेशंट हसला. असे व्हिडिओ तुमच्या पेशंटनेही पाहिलेले असतात. “तुम्ही कडकड करत नाही का?” असं विचारतात. हाड बसवणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, त्यात आता कायरोप्रॅक्टर शब्दाची भर पडलीय.

कायरोप्रॅक्टिक हा अमेरिकेत १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केलेला स्वतंत्र पेशा आहे. तिथे त्याची महाविद्यालयं आणि राज्याराज्यांचे परवाने आहेत. त्या लोकांकडून आपल्याला एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्यावर घातलेल्या बहिष्काराविरुद्ध चार-पाच कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये, अकरा वर्षांनी, त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्यांच्या उपचारपद्धतीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण हा चिवटपणा मानला पाहिजे.

आपल्याकडे मात्र चार दिवसांची कार्यशाळा करून ती पाटी लावणारेही दिसतात. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. पेशंटला एवढंच सांगा: तो आवाज सांध्यातल्या वायूचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नाही, आणि मानेला हात लावणाऱ्याची नोंदणी विचारा. कुणाचं नाव घेऊन शिव्या देऊ नका. पेशंटला वाटतं, हे धंद्याचं भांडण आहे.

स्वतः रील करणार असाल तर करा, पण पेशंटची लेखी संमती घ्या. आवाजाऐवजी त्या खुर्चीवरून उठणाऱ्या आजींना दाखवा. लाइक कमी मिळतील.

‘डॉ.’ लावायचं का?

हा प्रश्न आला की ग्रुपवर रात्रभर युद्ध चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाचं फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. माझं मत विचाराल तर नियम जो असेल तो पाळा आणि नावापुढे ‘फिजिओथेरपिस्ट’ हा पूर्ण शब्द ठळक लिहा. पेशंटचा गोंधळ होता कामा नये. माझ्या पेशंट काकू मला ‘शेकवाले डॉक्टर’ म्हणायच्या. त्यातल्या दुसऱ्या शब्दासाठी भांडण्यापेक्षा पहिला घालवण्यात माझी ताकद गेली, आणि ते बरं झालं.

सातवी पायरी: क्लिनिकच्या बाहेर

८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. केक कापून फोटो टाकण्यापेक्षा गावातल्या एखाद्या कामाकडे बघा. नाशिकच्या द्राक्षबागेत हात वर करून तासन्‌तास छाटणी करणारे, कोकणात भातलावणीला दिवसभर ओणवे असणारे, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणारे. त्यांना ‘वाकू नका’ सांगणं म्हणजे ‘जेवू नका’ सांगणं. किती वेळाने सरळ व्हायचं, हात कधी बदलायचा, मोळी किती मोठी बांधायची, एवढंच बोला.

वारीत अनेक फिजिओथेरपी कॉलेजांची शिबिरं लागतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, पाय सुजलेले, फोड आलेले. पहिल्या वर्षी आम्ही नुसतं तेल चोळलं. रांग संपेना आणि सेवा केल्याचं समाधान भरपूर. दुसऱ्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, आधी तळवे बघूया का?” पहिल्या तासात तीन माउली अशा निघाल्या ज्यांना मधुमेह होता आणि तळव्याची जखम कळलीच नव्हती. तिघांना शेजारच्या वैद्यकीय पथकाकडे पोचवलं. तेव्हापासून आमच्या तंबूत क्रम ठरलाय: पायताण काढा, तळवे दाखवा, मग बाकीचं. घरच्यांचा फोन नंबर घेतो आणि वारी संपल्यावर आठवड्याने फोन करतो. हे फोन विद्यार्थीच करतात.

संघटनेत काय करायचं

सभासद व्हा, वर्गणी भरा आणि शाखेच्या बैठकीला जा. पहिल्या बैठकीत कंटाळा येईल. अर्धा वेळ मागच्या परिषदेच्या जेवणाचा हिशेब चालतो. मागे बसा आणि इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या, ते कुणालाच नको असतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याला कोणता प्रश्न किती वर्षं अडकलाय, कोणतं निवेदन कुठल्या टेबलावर आहे, सगळं कळतं. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली, हे माहितीच्या अधिकारात विचारायचा साधा अर्जही तुम्ही करू शकता. शुल्क दहा रुपये. आमच्या शाखेने केला तेव्हा मजकूर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने लिहिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. उत्तर मात्र आलं आणि पुढचं निवेदन त्या आकड्यांवर उभं राहिलं.